साकोलीकडचं विहिरीचं पाणी, आपला उन्हाळा आणि रिकामा फिश टँक : आता कोणते मासे आणू?

धानबांधी

नमस्कार मंडळी. भंडारा जिल्ह्यात साकोलीजवळ आमचं गाव. बैठकीत तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टँक आहे. काठोकाठ भरला तर १३२ लिटर. खालची वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी अंदाजे ११५ लिटर उरतं.

मे अखेरच्या वादळात विजेचे खांब पडले आणि दीड-दोन दिवस लाईट आली नाही. कूलर बंद, पंखा बंद, हवेचा पंप बंद. गोल्डफिश, निऑन टेट्रा आणि एक जुनी एंजल, सगळे गेले. मी मगाने पाणी वरून ओतत होते, पण पाणीच कोमट झालं होतं. वाचल्या त्या फक्त दोन निळ्या गुरामी. बाकीचे मासे तोंड वासून धापा टाकत होते, आणि या दोघी थोड्या-थोड्या वेळाने शांतपणे वर यायच्या, पाण्याला ओठ टेकवून हवेचा घोट घ्यायच्या आणि पुन्हा खाली जायच्या. तेव्हापासून डोक्यात आहे की पुढचे मासे हे बघूनच आणायचे.

आता पाऊस सुरू झालाय, पाणी २८ अंशांवर आलंय. माझी माहिती देते:

पाणी विहिरीचं. डाळ नीट शिजते. गावातल्या आरओ एटीएमवाल्या दादांनी त्यांच्या पेनने मोजून दिलं, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ३८० आला. पट्टीवर सामू (पीएच) साडेसातच्या वर दिसतो. उन्हाळ्यात दुपारी लाईट जाते, कधी किती वेळ ते सांगता येत नाही. मासे नागपूरहून आणावे लागतात, बसने शंभरेक किलोमीटर.

मुलीला पुन्हा गोल्डफिश हवेत. सासूबाईंचा दिवस टँकसमोरच्या खुर्चीत जातो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना बारीक मासे दिसत नाहीत, निऑन तर कधी दिसलेच नाहीत. त्यांना बसल्या जागेवरून दिसतील असे मासे हवेत, ही माझी पहिली अट.

काय आणू?

कवेलू

ताई, वाईट वाटलं वाचून. गोल्डफिशचं सांगतो, मुलीला समजवा. तो थंड पाण्याचा मासा आहे, १८ ते २२ अंशांत खुलतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत तो मजेत असतो आणि एप्रिलपासून नुसता दिवस काढतो. शिवाय घाण फार करतो आणि वाढतोही, टपोऱ्या शेपटीचे सहा-आठ इंचांचे होतात. दुकानात दीड इंचाचा दिसतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

वैनगंगाकाठ

धानबांधी ताई, तुमच्या पोस्टमध्येच निम्मं उत्तर आहे. बहुतेक जण दुकानात जाऊन रंग बघून मासा उचलतात आणि घरी येऊन त्याच्यासाठी पाणी बदलायच्या मागे लागतात. विदर्भात ते परवडत नाही. आपलं पाणी आणि आपला मे महिना बदलत नाही, म्हणून मासा त्यांच्या मापाचा निवडायचा. मी मासा निवडताना तीन गोष्टी बघतो: पाण्याचा जडपणा, उन्हाळ्यात टँक किती तापतो, आणि लाईट गेल्यावर मासा श्वास कसा घेतो.

आधी श्वासाचं. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो, ३५ ला सातच्याही खाली. म्हणजे पाणी तापलं की प्राणवायू कमी होतो आणि माशाची गरज मात्र वाढते, कारण गरम पाण्यात त्याचं शरीर जास्त वेगाने चालतं. त्यात पंप बंद. तुमच्या एंजलचं आणि निऑनचं तेच झालं.

गुरामी वाचल्या त्याचं कारण त्यांच्या कल्ल्यांच्या वर घड्या-घड्यांचा एक अवयव असतो, त्याला लॅबिरिंथ म्हणतात. तिथून त्या थेट हवेतला प्राणवायू घेतात. निळी गुरामी मूळची थायलंड-मलेशियाकडची, तिथल्या धानाच्या शेतांत आणि दलदलीत राहणारी. साचलेलं, तापलेलं, प्राणवायू संपत आलेलं पाणी तिला नवं नाही. फायटरही त्याच कुळातला. पण त्यांना पाण्याचा वरचा भाग मोकळा लागतो. वर तरंगत्या वनस्पतीचा जाड थर होऊ देऊ नका, झाकण आणि पाणी यांत दोन बोटांची हवा ठेवा.

आता तुमचं पाणी. टीडीएस ३८० आणि सामू साडेसात म्हणजे मध्यम जड, किंचित अल्कधर्मी. निऑन ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला, त्याला हे कधीच मानवलं नसतं. जड पाण्यात आनंदाने राहणारे म्हणजे पिल्लं देणारे मासे: मॉली, प्लॅटी, सोर्डटेल, गप्पी. गप्पी दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला, बाकीचे मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या बाजूचे. त्यातली प्लॅटी जरा गारव्यातली, तिला आपला मे कठीण जातो. मॉली उष्णता चांगली सोसते आणि तिचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. प्राणवायू कमी पडला की ती पृष्ठभागाला लागून असलेला पातळ थर ओढून घेते. गुरामीइतकी नाही, पण निऑनपेक्षा पुष्कळ टिकते.

सासूबाईंसाठीही मॉलीच. पूर्ण काळी किंवा पूर्ण केशरी, तीन इंचांपर्यंत वाढणारी. मागच्या काचेला फिकट निळा कागद लावा, काळी मॉली बैठकीच्या दुसऱ्या टोकावरून दिसेल. एक नर आणि तीन माद्या घ्या. नर जास्त झाले की माद्यांना जीव नकोसा करतात. फुगीर पोटाची बलून मॉली मात्र नको, तिचा कणा वाकडा असतो आणि ती लवकर थकते.

पूर्णाकाठ

मी दर्यापूरकडचा. आमच्याइकडे खारपाणपट्टा हाये. बोअरचं पाणी मीठमीठ लागते, साबणाले फेस येत नाही, डाळ तर शिजतच नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याचा मोठा भाग असाच हाये. लोक म्हणत व्हते तुह्या पाण्यात मासा जगणारच नाही. मॉली ठेवल्या. भाऊ, तुम्ही म्हणता ते सोळा आणे खरं. मॉली खाऱ्या पाण्यात बी राह्यते, आमच्या पाण्यात तर ती पिल्लावर पिल्लं देते. पंचाईत झाली ती पिल्लायची. कोणाले देऊ न कोणाले नको.

ताई, तुमचं पाणी तर आमच्यापेक्षा लय गोड हाये. मीठ टाकायच्या भानगडीत पडू नोका. दुकानदार सांगते मॉलीले मीठ लागते, पण तुमच्या गुरामीले ते नाही पायजे.

धानबांधी

पूर्णाकाठ भाऊ, पिल्लांची भीती मलाही वाटते. वैनगंगाकाठ काका, गुरामी आणि मॉली एकत्र चालतील ना? आणि पिल्लांचं काय करायचं?

वैनगंगाकाठ

चालतील, आणि पिल्लांचा प्रश्न गुरामीच बऱ्याच अंशी सोडवेल. मॉली साधारण महिन्यानं विते, एका वेळी वीस-तीस किंवा त्याहूनही जास्त पिल्लं. एकदा नर लागला की मादी पुढे कित्येक महिने नराशिवायही वीत राहते, त्यामुळे नुसत्या माद्या आणल्या म्हणून प्रश्न सुटत नाही. मोकळ्या टँकमध्ये बहुतेक पिल्लं गुरामी खाते, दाट वनस्पतीत लपलेली एखाद-दुसरी वाढते. ऐकायला कठोर वाटेल, पण तळ्यातही हेच चालतं. मुलीला काही पिल्लं वाढवायची असतील तर वनस्पतीचा एक झुपका वेगळ्या टबात ठेवा.

झाडीपट्टी_चिमूर

पैसे घालवायचेच कशाला? पहिल्या पावसात धानाच्या बांधीत मासे चढतात, त्यातले बारके पकडून टाका. आपल्या मातीतले, उन्हाला सरावलेले. लहानपणी आम्ही सिमेंटच्या टाक्यात मांगूर ठेवला होता, मरता मरत नव्हता.

ढिवरवाडा

झाडीपट्टी भाऊ, तुमचा विचार चांगला आहे, पण थोडं थांबा. आमचं घर पिढ्यान्पिढ्या मासेमारीवर चाललंय म्हणून सांगतो.

मांगूर, शिंगी, मरळ हेही हवेतून श्वास घेतात, म्हणून चिखलात जगतात. पण ते शिकारी आहेत. मरळीचं पिल्लू बोटाएवढं असतं तेव्हा सुंदर दिसतं. ते सहा महिन्यांत ताईंच्या टँकमधलं सगळं खाऊन टाकेल. आणि बाजारात मांगूर म्हणून जे मिळतं त्यात पुष्कळदा थाई मांगूर असतो. तो पाळायला देशात बंदी आहे, आपल्या देशी मांगराला त्यानेच मागे ढकललं.

दुसरं, जुलै-ऑगस्टमध्ये तलावाच्या काठाला बारीक मासे दिसतात ती बरेचदा आमच्या संस्थेने सोडलेली रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं असतात. मामा तलाव, म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव, मच्छीमार सोसायट्यांनी ठेक्यावर घेतलेले असतात, त्या बोटुकलीवर घरं चालतात. शिवाय रोहू वर्षभरात किलोच्या घरात जातो, काचेच्या पेटीत त्याचं काय होणार?

पण बांधीतल्या बारक्या माशांबद्दल मला फार प्रेम आहे. काचेसारखा आरपार दिसणारा चंदा, पाठीवर काळा ठिपका असलेले खवले नावाचे मासे, तळाला वाळूत दडणाऱ्या मुरी. आता ते पूर्वीइतके जाळ्यात येत नाहीत. कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांमध्ये रोहू-कटल्याच्या बियाण्याची आणि बेशरमीच्या झुडपांची गर्दी झाली, जुने मासे कमी झाले. म्हणून ठेवायचेच असतील तर पाच-सहा, सोसायटीला विचारून, आणि आधी वेगळ्या टबात निदान तीन आठवडे. त्यांच्या अंगावर जंत आणि माशांच्या उवा असतात, त्या तुमच्या गुरामींना लागतील.

आणि एक विनंती सगळ्यांनाच. टँकमधला कोणताही मासा तलावात, नाल्यात सोडू नका. दया म्हणून लोक सकर सोडून देतात. दुकानात तो काच साफ करणारा तीन इंची मासा असतो, तलावात फूट-दीड फूट वाढतो, काठात बिळं करतो आणि त्याच्या काट्यांनी आमची जाळी फाटतात. देशात अनेक ठिकाणी तो हाताबाहेर गेलेला आहे.

निळाई

ढिवरवाडा, तुमची पोस्ट फार आवडली. आपल्याकडच्या माशांबद्दल थोडी भर घालते. दुकानात 'झेब्रा' नावाने मिळणारा पट्ट्यापट्ट्यांचा मासा मूळ भारतीयच आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या ज्या माशांचं वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन-बुकानन यांनी १८२२ साली केलं, त्यात हा झेब्रा, रोझी बार्ब, काचमासा आणि बुटकी गुरामी हे सगळे आहेत. आज जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी झेब्रा वापरतात. २०१३ साली त्याचा पूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे सत्तर टक्के जनुकांशी जुळणारी जनुकं त्याच्यात सापडली.

निसर्गात तो धानाच्या शेतांत, उथळ ओढ्यांत राहतो. डिसेंबरातलं गार पाणी आणि उन्हाळ्यातलं तापलेलं पाणी दोन्ही त्याच्या ओळखीचं. म्हणजे रानातून काही न आणता आपल्याकडचा मासा ठेवायचा असेल तर पैदाशीतून आलेला झेब्रा घ्यावा. स्वस्तही असतो. आठ-दहांचा थवा ठेवा. दोन-तीनच ठेवले तर एकमेकांच्या मागे लागतात.

कवेलू

झेब्रा दीड-दोन इंचांचा. सासूबाईंना दिसेल का?

निळाई

एकटा नाही दिसणार. पण तो सतत वरच्या थरात या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो. माझ्या आईचीही नजर अधू आहे. तिला रेषा दिसत नाहीत, पण थवा वळला की चमकतो ते कळतं. रंगापेक्षा हालचाल लांबून लवकर दिसते. सासूबाईंची खुर्ची आणि खिडकी एकाच बाजूला असेल तर आणखी बरं, उजेड माशांच्या अंगावर पडतो आणि थेट डोळ्यांत येत नाही.

धानबांधी

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सध्या खिडकी टँकच्या मागे आहे. उद्या नवऱ्याला सांगून स्टँड समोरच्या भिंतीला घेते, टँक अर्धा रिकामा आहे तोवरच जमेल.

तळाला काय ठेवू? दुकानदार कोरीडोरास सुचवतात. सकर नाहीच आणणार आता.

वैनगंगाकाठ

टँक हलवताना पाणी चार बोटं उरेपर्यंत काढा. पाण्यासकट उचलला की तळाच्या काचेचा जोड उघडतो. नवी जागा भिंतीपासून चार बोटं लांब आणि पाणसळ लावून सपाट करून घ्या.

तळाला मासा हवाच असं काही नाही. कोरीडोरास गोड मासा आहे, आतड्यातून हवाही घेतो, पण पाणी ३० च्या वर बरेच दिवस राहिलं की त्याला त्रास होतो. तुमच्याकडे मे महिन्यात टँक ३२-३३ ला जात असणार. मी आणणार नाही. खाली पडलेलं खाणं मॉली वेचते, शेवाळही कुरतडते. काचेवरचं उरलेलं हाताने पुसा.

एंजलही आता नको. ती उष्णता सोसते, पण सहा इंचांची होते आणि झेब्राला गिळायला बघते. बुटकी रंगीत गुरामी सुंदर असते, पण तुमच्या निळ्या गुरामी तिला जगू देणार नाहीत. रोझी बार्ब आपलाच, पण गारव्यातला. दुकानात 'शार्क' म्हणून छोटे चकचकीत मासे असतात, ते बहुधा पंगस, तीन फुटांच्या पुढे जाणारा खायचा मासा. गुलाबी-जांभळ्या-हिरव्या 'कलर विडो' मिळतात, त्यांना रंग देऊन तसं केलेलं असतं, तो रंग पुढे उतरतो आणि त्या सगळ्या छळात मासा कमजोर होतो. त्या दुकानातच राहू द्या.

शेततळं

फार महत्त्वाची गोष्ट कुणी लिहिली नाही. आता फवारणीचे दिवस येतील. कापूस, सोयाबीन, धान, कशावरही सायपरमेथ्रिनसारखं औषध मारलं जातं. ही औषधं माशांना इतकी विषारी असतात की हाताला लागलेला अंशही पुरतो. फवारणीहून आलेल्या माणसाने त्या दिवशी टँकमध्ये हात घालायचा नाही. फवारणीची बादली, मग, नळी टँकला वापरायची नाही, कितीही धुतली असली तरी. गुरांच्या किंवा कुत्र्याच्या गोचिडावर लावायचं औषधही बहुतेक त्याच जातीचं असतं.

आणि हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. डासांची कॉईल, लिक्विडचं यंत्र, कोपऱ्यात मारलेला स्प्रे, सगळं आत जातं. पंप ठेवलेल्या खोलीत ते वापरू नका.

धानबांधी

बापरे. आमच्याकडे कॉईल त्याच खोलीत लागते. आजपासून बंद, जाळी लावून घेतो.

कवेलू

लाईटचं काय करायचं ठरवलं ताई? मासे निवडले तरी पुढचा मे येणारच आहे.

शेततळं

मी केलं ते सांगतो. पाठीवरच्या फवारणीच्या बॅटरी पंपात १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी असते. ती काढून तिच्यावर १२ व्होल्टचा डीसी हवेचा पंप चालवतो. पंप ५ वॉटचा असेल तर हिशोबाने १९ तास, प्रत्यक्षात १५ धरा. बॅटरी ओल्या फडक्याने पुसून, हात साबणाने धुऊन मगच जोडायची, वर लिहिलंच आहे का ते.

निळाई

शेती नसलेल्यांसाठी: मोबाइलच्या चार्जरवर चालणारा छोटा हवेचा पंप मिळतो, तो पॉवर बँकवर रात्रभर चालतो. फक्त आधी एकदा चालवून बघा. काही पॉवर बँक इतका कमी करंट ओढला गेला की काही झालं नाही असं समजून आपोआप बंद होतात. ऐन वेळी कळलं तर उपयोग नाही.

पूर्णाकाठ

आम्ही टँकच्या तीन बाजूले ओलं बारदान लावतो. समोरची काच मोकळी. वर झाकण काढून जाळी. वारं असलं की पाणी दोन-तीन अंशानं उतरते. मडक्याचंच तत्त्व हाये. उडालेलं पाणी भरतानी मात्र आमच्या बोअरचं खारं पाणी नाही टाकत, आरओचं टाकतो. नाहीतर पाणी उडते, मीठ राह्यते, अन् दर हप्त्याले खारेपणा वाढतच जाते.

आणिक एक. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत डासायच्या अळ्या होतात ना, त्या चहाच्या गाळणीनं गाळा अन् माश्याईले द्या. मॉली तुटून पडते. फक्त कूलरात फिनाइल-औषध टाकलेलं नसावं.

धानबांधी

आता घाई करावी की थांबावं? फिल्टर त्या दोन दिवसांनंतर स्वच्छ धुऊन परत लावलाय, सुरू आहे. पाणी अगदी नितळ दिसतंय.

वैनगंगाकाठ

नितळ पाण्यावर जाऊ नका. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो. फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिले दोन विष, तिसरा थोड्या प्रमाणात चालतो. लाईट गेलेल्या दिवसांत स्पंजातलं पाणी साचून यातले बरेच जिवाणू गेले असणार, उरलेले धुण्यात गेले. दोन गुरामींच्या घाणीवर ते पुन्हा वाढताहेत. पूर्ण वसाहत व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण असते. सामू ७ असेल तर अमोनियाचा विषारी भाग एक टक्क्याच्या आत असतो. सामू ८ आणि पाणी ३० अंश झालं की तोच सात टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे मऊ पाण्याच्या गावात जी चूक खपून जाते ती आपल्याकडे माशाच्या जिवावर बेतते. थेंबांचं अमोनिया किट एकदा घेऊन ठेवा, वर्षभर पुरतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मगच पहिली खेप आणा. पुढे स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका, टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दाबून काढा.

पहिल्या खेपेला झेब्रा. दोन-तीन आठवडे जाऊ द्या, पुन्हा मोजा, मग मॉली. सगळे एकदम आणले तर जिवाणूंना तेवढी घाण पेलत नाही. नव्या माशांची खेप आधी वेगळ्या टबात दोन-तीन आठवडे ठेवली तर उत्तम. साधा प्लास्टिकचा टब, एक स्पंज फिल्टर, वर जाळी. पांढरे ठिपके, कुजलेली शेपटी जे काही निघायचं ते तिथेच निघतं.

आणि पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) टाकते. त्या दिवसाचं पाणी थेट टँकमध्ये नको. मोठ्या भांड्यात उघडं काढून दिवसभर ठेवा, हवेचा पंप सोडला तर आणखी बरं.

ढिवरवाडा

वनस्पती नागपूरहून आणायची गरज नाही. तलावाच्या कडेला हायड्रिला आणि वॅलिस्नेरिया भरपूर आहे, जड पाण्यात दोन्ही छान वाढतात. आणल्यावर लाल औषधाच्या (पोटॅशियम परमँगनेट) फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्यात दोनदा धुवा. जळू, चतुराच्या अळ्या आणि गोगलगाईची अंडी येतात त्यातून. चतुराची अळी झेब्राला पकडून खाते, मी डोळ्यांनी पाहिलंय. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून लाईट जाण्याच्या दिवसांत टँक गच्च भरू नका.

धानबांधी

मुलगी रुसली आहे गोल्डफिशवरून. तिच्यासाठी काही सुचवा.

झाडीपट्टी_चिमूर

तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. डासांसाठी गप्पी माशांची पैदास बऱ्याच ठिकाणी करतात, मागितले तर देतात. परसात जुना रांजण किंवा सिमेंटचं टाकं सावलीत ठेवा, तळाला थोडी माती, हायड्रिला, आणि सात-आठ गप्पी. पंप लागत नाही. ते पूर्ण तिचं टाकं. माझ्या भाच्याने वहीत पिल्लांची नोंद ठेवली होती. ढिवरवाडा भाऊ म्हणाले तसं, तिथून पुढे तलावात मात्र नाही.

निळाई

आणि ते गप्पी मोठ्या टँकमध्ये हलवू नका. लांब शेपटी दिसली की गुरामी ती कुरतडते.

धानबांधी

कल्पना तिला फार आवडली. रांजण आहे घरी, आत्ताच धुवायला घेतलाय तिने.

तर माझी यादी अशी झाली: जुन्या दोन गुरामी, आठ झेब्रा, नंतर चार मॉली, तीन माद्या आणि एक नर, दोन काळ्या आणि दोन केशरी. सासूबाई म्हणाल्या केशरी हवीच. किट मागवलंय. पोळ्याच्या सुमारास झेब्रा आणायला जाईन असं दिसतंय. गुरामी इतके दिवस दोघीच आहेत, नव्यांना मारतील का? आणि बसमध्ये तीन तास मासे कसे आणू?

कवेलू

सकाळच्या पहिल्या बसने जा आणि दुपारच्या आत निघा. दुकानदाराला सांगा, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरा, आणि पिशवी दुहेरी करा. झेब्रा एका पिशवीत चारपेक्षा जास्त नको. थर्माकोलचा डबा न्या, झाकण लावून मांडीवर किंवा सीटखाली ठेवा, इंजिनाजवळ नको. आणायच्या आदल्या दिवशी त्यांना खाऊ घालू नका असं फोन करून दुकानात सांगता आलं तर पाणी कमी घाण होतं. आणि दुकानात ज्या टाकीत एकही मेलेला मासा दिसेल त्या टाकीतला घ्यायचा नाही, तो कितीही स्वस्त देत असला तरी.

वैनगंगाकाठ

घरी आल्यावर पिशवी न उघडता टबाच्या पाण्यात वीस मिनिटं तरंगत ठेवा. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर टबातलं पाणी पिशवीत घाला, चार-पाचदा. शेवटी मासे जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टबात ओतू नका.

पुढे टबातून टँकमध्ये हलवायच्या दिवशी दगड आणि वनस्पतींच्या जागा बदला. गुरामी आपापला कोपरा धरून बसलेल्या असतात, मांडणी बदलली की त्यांनाही तो नव्याने शोधावा लागतो. त्यांना आधी पोटभर खाऊ घाला, दिवा मालवा आणि संध्याकाळी झेब्रा सोडा. झेब्रा त्यांच्यापेक्षा चपळ आहेत, एखादी गुरामी दोन दिवस मागे धावेल आणि सोडून देईल. मॉलीच्या वेळी पुन्हा असंच करा. झाकणात कुठे फट असेल तर आधी बुजवा, झेब्रा उडी फार लांब मारतो.